सिनेमातल्या लग्नात मी वरमाय

माझ्या मुलाची दोन लग्नं झाली. एक खरं आणि एक सिनेमातलं. खऱ्या लग्नाला चाळीस माणसं होती, सिनेमातल्या लग्नाला अख्खा गाव. दोन्हीकडे भटजी खरेच होते, अक्षताही खऱ्या तांदळाच्या, आणि दोन्हीकडे मुलाची आई म्हणून मीच उभी. हसू येतं ना वाचून? मलाही आलं असतं. पण त्या दुसऱ्या लग्नापायी पहिलं मोडायला आलं आणि त्यात माझा हात होता, म्हणून हसू बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. माझी शाळा सातवीची. आमचे हे हयात असताना वाचनालयात शिपाई होते. संध्याकाळी पुस्तक घरी आणायचे आणि सकाळी परत न्यायचे, तेवढ्या वेळात जे वाचून झालं ते माझं शिक्षण. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर मुलगा. एकुलता एक. लहानपणापासून गावच्या नाटकात नाचायचा. मग मुंबईला गेला, बरीच वर्षं इकडेतिकडे वणवण केली आणि एका मालिकेत धाकटा दीर झाला. त्या धाकट्या दिरानं त्याचं नशीब काढलं. घराघरातल्या मुली त्याला ओळखायला लागल्या. आणि नेमकं त्याच वेळी त्याचं लग्न ठरलेलं. मुलगी कणकवलीची, ठाण्याला बँकेत नोकरीला. हा कोणीच नव्हता तेव्हापासून त्याला ओळखणारी. हातात काम नसायचं तेव्हा दुपारी हिच्या डब्यातलं जेवायचा, हे त्यानंच मला सांगितलेलं.

मालिकेवाल्यांनी त्याला बसवून सांगितलं, लग्न कर, पण बोलू नकोस. मुली तुला बघतात त्या तू मोकळा आहेस म्हणून.

मला म्हणाला, "आये, दोनच वर्सां. मगे सगळ्यांका सांगूया."

"आणि तिका विचारलंस?"

"ती व्हय म्हणता."

ती हो म्हणाली म्हणजे तिला चाललं, असं आम्ही दोघांनी धरून घेतलं.

लग्न झालं ते तिच्या मामाच्या घरामागच्या मांगरात, जिथे एरवी गवत आणि नांगर असतात. जागा सारवून, पताका लावून छान केली होती, नाही म्हणत नाही. पण फोटो बाहेर जायला नको म्हणून दारातच प्रत्येकाचा मोबाईल काढून घ्यायचं ठरलं. ते काम माझ्याकडे. वरमायला कोण नाही म्हणणार? मी नवी साडी नेसून, तांदूळ धुवायची रोवळी घेऊन दारात उभी. रोवळीत तीस-पस्तीस मोबाईल, मध्येच एखादा वाजायचा. मंगलाष्टकं चालू झाली आणि वेंगुर्ल्याचे एक पाहुणे उशिरा आले. ते काही मोबाईल देईनात. मी त्यांना समजावते आहे, ते मला समजावताहेत, आणि मागे टाळ्या वाजल्या. वळून बघते तर अंतरपाट खाली आलेला, हार घालूनही झालेले. माझ्या एकुलत्या एका मुलाचा अंतरपाट दूर होताना मी बघितला नाही. त्या दिवशी याचं वाईट वाटायलाही वेळ नव्हता. सारखी धाकधूक, कोणी फोटो काढला तर नाही ना.

दोन वर्षांची पाच झाली. मालिका संपली, सिनेमे आले, आणि सिनेमावाल्यांचंही तेच. नात चार वर्षांची झाली. सून बँकेत बारीक साखळी घालून जायची. मंगळसूत्र घालायची ते फक्त चतुर्थीला आणि शिमग्याला गावी आली की, तेही मधल्या खोलीत; ओटीवर कोणी आलं की बाहेर यायची नाही. एकदा आम्ही सगळी मालवणच्या बाजारात गेलो होतो. चार मुली धावत आल्या, ह्याच्याबरोबर सेल्फी काढायला. मी सुनेकडे बघते तर ती मुलीचा हात धरून बाजूच्या भाजीवालीकडे सरकलेली. वालीच्या शेंगा उचलून बघत होती, जणू आमची तिची ओळखच नाही. नात "पप्पा" म्हणायला तोंड उघडते आहे आणि सून तिच्या हातात वालीची शेंग देते आहे. मी ते बघितलं. बघून घरी आले आणि मासे साफ करायला बसले. 

पण काळजी आतून पोखरायची. मोबाईल उघडला की अमक्या नटाचं मोडलं, तमकी वेगळी राहते, दहा वर्षांच्या संसारानंतर दोघांनी सामंजस्यानं निर्णय घेतला. पडद्यावर नवरा-बायको म्हणून ज्यांना आम्ही ओवाळायचो, त्यांचंही मोडलेलं. मी एकेकाचं वाचायचे आणि मला आमची दोघं आठवायची. बाजूच्या घरातली माझी जाऊ तर मुद्दाम येऊन सांगायची, "गो, वाचलंस मां? आणि एक गेला!" जसा काही पाऊस मोजते आहे.

गेल्या थंडीत त्याच्या नव्या सिनेमाचं काम आमच्याच गावात आलं. त्यानंच दिग्दर्शकाला देऊळ दाखवलं होतं. माणसं उतरली तारकर्लीला, आणि सकाळी गाड्यांची रांग आमच्या देवळासमोर. गावात चतुर्थीसारखा उत्साह. लग्नाचा प्रसंग होता. दिग्दर्शकाला गर्दी खरी पाहिजे होती, तेव्हा त्यानं गावाला सांगितलं, ठेवणीतले कपडे घालून या. आले की सगळे! दुकानं बंद करून आले. ज्यांना माझ्या मुलाच्या खऱ्या लग्नाचा वाससुद्धा लागू दिला नव्हता ते सगळे फेटे बांधून उभे.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय देवळात खिळा ठोकत नाहीत. तो मान गावकरांचा, म्हणजे गावच्या मानकऱ्यांचा. त्यांनी नारळ ठेवला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या दारात तुझ्याच लेकरान सिनेमाचा काम काढल्यान आसा. त्येका यश दी. चूकभूल झाली तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

आता इथे थांबायचं ना? पण समोर मुंडावळ्या बांधलेली जोडी दिसली आणि गावकरांच्या तोंडातून सवयीनं पुढचं निघून गेलं. "आणि ह्या नवरा-नवरीचो संसार सोन्यासारखो होवंदे!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. गावात मीही होते.

जावेनं मला कोपरानं ढोसलं. "गो, तू खंयच्या नवरीसाठी व्हय म्हटलंस?"

मी तिच्याकडे वळले. पण तेवढ्यात सिनेमावाल्यांची एक बाई येऊन मला म्हणाली, आजी, वरमाय म्हणून तुम्ही पुढे उभ्या राहा, चेहरा छान आहे. मी पुढे झाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. या वेळी माझ्या हातात अक्षता होत्या. अंतरपाट खाली आला तो मी डोळे भरून बघितला. एकदा नाही, सात वेळा, कारण दिग्दर्शकाला सहा वेळा पसंत पडला नाही. माझा मुलगा मुंडावळ्यांत इतका देखणा दिसत होता की हे खोटं आहे हे माझ्या डोळ्यांना कोण सांगणार?

मग मंगळसूत्राची वेळ आली. त्यांनी आणलेलं मंगळसूत्र पितळेसारखं दिसत होतं. कॅमेरा जवळ नेला की त्याचं पॉलिश उडालेलं कळायचं. दुसरं होतं ते तारकर्लीला राहिलं. ऊन कलायला लागलं होतं, दिग्दर्शक सारखा "लाईट जातोय, लाईट जातोय" म्हणून ओरडत होता. मुलगा माझ्याकडे आला. हळूच म्हणाला, "आये, तिचा मंगळसूत्र तुझ्याकडेच आसा मां?"

होतं. चतुर्थीला सून आली होती तेव्हा त्याची सर तुटली. सोनाराकडे ओवायला टाकलं, ते तयार होईपर्यंत तिची रजा संपली. पोस्टानं पाठवू नका, मी शिमग्याला येऊन नेईन, असं ती सांगून गेली होती. माझ्या कपाटात, माझ्या साडीच्या घडीत.

"तिका विचारूक नको?" मी म्हटलं.

"आता खंय विचारतलंस? ती कामार आसा. पाच मिनिटांचा काम."

मी घरी गेले आणि घेऊन आले. एवढंच. कोणी माझा हात पिरगळला नव्हता. घरून देवळापर्यंत चालत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला होता, आणि माझ्या कमरेच्या पिशवीत मोबाईल होता. मी विचारलं नाही.

त्या मुलीनं, म्हणजे नायिकेनं, प्रसंग झाल्याबरोबर मंगळसूत्र स्वतः काढून माझ्या हातात दिलं. "आई, वहिनींचं आहे ना? सांभाळा," म्हणाली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मुलगी चांगली होती. तिच्याबद्दल माझ्या मनात जी शंका होती ती तिथेच गेली. मला वाटलं, झालं, सुटलो.

सुटलो कसलं! गावातल्याच कोणीतरी मोबाईलवर ते चित्रण केलं आणि मजा म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांत ते कुठल्या कुठे गेलं. खाली लिहिलेलं, लाडक्या अभिनेत्याचं गावी गुपचूप लग्न? आम्ही हसलो. मी तर जावेला बोलावून दाखवलं, बघ मी कशी दिसते.

दुपारी सुनेचा फोन आला. आमची सून एरवी माझ्याशी मालवणीत बोलते. रागावली की बँकेतली मराठी काढते.

"आई, एक विचारू? त्या मुलीच्या गळ्यात ते माझं आहे ना?"

"गो, तां फक्त पाच मिनिटां..."

"हो की नाही, एवढंच सांगा. डाव्या वाटीला पोचा दिसतो आहे. बाळाला दात येत होते तेव्हा तिनं चावलं होतं."

"व्हय."

"बरं. ठेवते."

त्यानंतर फोन नाही. रविवारी नात मोबाईलवर दिसायची, तीही बंद झाली. मी फोन केला की वाजून वाजून थांबायचा. मुलगा कुठे हैदराबादेला कामावर. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आये, ती समजूतदार आसा. होतली शांत." समजूतदार! समजूतदार माणसाचीच मला भीती वाटते. भांडणारं माणूस भांडून मोकळं होतं.

मला काही सुचेना. एक दिवस सकाळी देवळात गेले, कोणी नाही असं बघून. नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायचा मान माझा नाही, पण म्हटलं हळू आवाजात बोलायला कोण अडवतो? म्हटलं, देवा, त्या दिवशी आम्ही ज्या नवरीसाठी मागितलं ती खोटी. खरी ठाण्याक आसा. जा काय सोन्यासारखा करूचा आसात ता तिचा कर. उत्तराला "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं, ते मीच म्हटलं. पण घरी येईपर्यंत पुन्हा शंका. देवानं गावाचं ऐकलं असेल की माझ्या एकटीचं?

महिन्याभरानं माझ्या विहिणीचा कणकवलीहून फोन आला. बिचारी रडत होती. मुलीनं बँकेत बदलीसाठी अर्ज केला आहे म्हणाली. कोल्हापूरला, भावाजवळ. मुलीला घेऊन जाणार, शाळाही बघितली आहे.

"आणि जावय?" मी विचारलं. स्वतःच्या मुलाबद्दल विचारताना जावई म्हटलं, काय बोलते आहे ते मला कळत नव्हतं.

"जावयाक अजून सांगूक नाय तिना," विहीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कुडाळहून गाडी पकडली. एकटी. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत पिशवीत, आणि वाटभर हात त्याच्यावर. सुनेनं दार उघडलं आणि तिला कळलं मी का आले ते. पाणी दिलं, चहा दिला, चादर बदलली. सगळं नीट. तेवढं नीट तिनं कधी केलं नव्हतं. मला परक्या पाहुणीसारखं वाटलं.

मी पिशवी पुढे ठेवली. तिनं ती उघडली नाही, तशीच कपाटात बँकेच्या कागदांखाली ठेवली.

मी म्हटलं, "गो, तां चेडू बरां आसा. तसा कायएक नाय. तिका तुझ्याबद्दल म्हायत आसा."

"आई, मला ठाऊक आहे ते. सिनेमा कसा करतात हे मला कळतं. पाच वर्षं त्याचेच पैसे आणि त्याचंच सगळं बघते आहे. मी त्या मुलीवर रागावलेली नाही."

"मगे मंगळसूत्रासाठी रागावलंस?"

 तिनं मोबाईल काढून मला ते चित्रण दाखवलं. तिनं ते जपून ठेवलं होतं. बोट ठेवून थांबवलं तिथे मी होते. अक्षतांचा हात वर, तोंडभर हसू.

"हे बघा. तुम्ही केवढ्या हसताय. माझ्या लग्नात तुम्ही दारात रोवळी घेऊन उभ्या होतात. अंतरपाट धरला तेव्हा मी मामाला विचारलं, सासूबाई कुठे आहेत? मामा म्हणाला..." आणि इथे तिची बँकेतली मराठी तुटली. "मामा म्हणालो, दारार आसत. अख्खो गाव तिच्या लग्नाक इलो, आई. माझ्या लग्नाक तुमच्या गावातलो कोण इल्लो, सांगा? एक कुत्रो तरी इल्लो?"

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं काढला नाही, पण टेकलीही नाही.

"अर्ज मागे घे गो."

"मंजूर झाला तर जाणार. कोल्हापुरात मला कोणी ओळखत नाही, तिथे लपवायला काही नाही. मी मंगळसूत्र घालून भाजी आणायला जाईन. कोणाची बायको ते विचारणार नाहीत, पण कोणाची तरी आहे एवढं तरी कळेल."

इतक्यात नात बालवाडीतून आली. मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय, "आजी, पप्पांच्या लग्नाला तू गेलीस, मला का नाही नेलंस?"

सून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

तिथूनच मी मुलाला फोन लावला. म्हटलं, झिला, जगाक सांग तुझी बायल आसा म्हणून. आजच सांग. तो म्हणाला, "आये, सिनेमा लागांदे. दोन म्हयने. लोकांनी आमका जोडी म्हणून बघूक व्हया." पुन्हा दोन. दोन वर्सां, दोन म्हयने. मी फोन ठेवला आणि दोन दिवसांनी घरी आले, जशी गेले होते तशीच.

आंबे उतरायच्या दिवसांत मुलाचा निरोप आला. सिनेमाच्या जाहिरातीसाठी एक मुलगी येणार आहे, तिचं मोबाईलवर चॅनल आहे, 'लाडक्या हिरोचं गावचं घर' असं काहीतरी दाखवणार. "बरा बोल. लहानपणीचा सांग. आणि आये, मधली खोली बंद ठेव. चेडवाची खेळणी काढून ठेव."

मी खेळणी गोळा करायला बसले. लाकडी भोवरा, बाहुलीचा एक बूट, आणि भातुकलीतल्या टोपात तिनं कालवून ठेवलेली वाळू, चतुर्थीपासून तशीच. ती वाळू ओतायची कुठे हे मला कळेना. टोप हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. बाहेर गाडी वाजली.

मुलगी गोड होती, कोकणातलीच. अंगण झालं, विहीर झाली, शाळेत जायचा तो रस्ता झाला. मी शिकवल्यासारखं बोलत होते. जाऊ मागच्या पायरीवर बसून बघत होती. मग त्या मुलीनं हसत हसत विचारलं, "मग आई, आता सूनबाई कधी आणताय?"

  मुलाचा सिनेमा, इतक्या वर्षांची वणवण, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि मी ऐकलं ते माझंच बोलणं, "सून आणून पाच वर्सां झाली गो."

ती मुलगी हसायची थांबली.

"व्हय तर!" मागून जाऊ. "नात चार वर्सांची आसा! माका विचारा." तिला कोणी विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी मला ती देवासारखी वाटली.

मी मधली खोली उघडली. त्या लग्नाचा एकच फोटो आहे, मामांच्या जुन्या कॅमेऱ्यातला, जरासा हललेला. तो मी कपाटातून काढून कॅमेऱ्यासमोर धरला. म्हटलं, ही माझी सून. बँकेत आसा. ह्याच्याकडे काय नव्हता तेव्हा आपल्या डब्यातला घास हिना दिल्यान. लग्नात मी हिचो अंतरपाट बघूक नाय, ती माझी चूक. लोकांका सांगूक नाय, ती आमची सगळ्यांची चूक.

मुलीनं मोबाईल खाली घेतला. "आई, हे ठेवू की कापू? विचार करून सांगा. एकदा गेलं की परत येत नाही."

"ठेव," मी म्हटलं. आणि ती गेल्यावर खेळणी परत होती तिथे मांडली.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन. "आये, माझ्या पोटार पाय दिलंस तू." एवढंच बोलला. त्यानंतर नाही. निम्मे लोक त्याला खोटारडा म्हणत होते, निम्मे अभिनंदन करत होते, हे मला जाऊ वाचून दाखवायची. मी ऐकायचे आणि कुठल्या निम्म्यांमुळे त्याचं काम जाईल याचा हिशोब करत बसायचे. सिनेमा लागला. कुडाळला जाऊन बघितला. लग्नाचा सगळा प्रसंग एका गाण्यात गेला, चार झलका. मंगळसूत्र दिसलंच नाही. मी पडद्याच्या कोपऱ्यात अर्ध्या तोंडानं हसून निघून गेले. सिनेमा बरा चालला म्हणतात. पुढचं काम मिळालं की नाही ते मला कोणी सांगितलं नाही.

आणि सून? मला वाटलं होतं ती लगेच फोन करील. तीही नाही. मी दोघांनाही गमावलं की काय, असं वाटायला लागलं. आषाढात विहिणीनं सांगितलं, बदली मंजूर झाली, पण तिनं चतुर्थीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. मुदत म्हणजे काय, हे त्या माउलीलाही माहीत नव्हतं.

चतुर्थीच्या आधी चार दिवस मोबाईलवर एक ओळ आली. "आई, मी आणि बाळ गणपतीक येतंव." मालवणीत होती. मी ती दहा वेळा वाचली. 'येतंव' मध्ये दोघीच होत्या.

आल्या. गणपती आणायच्या आदल्या दिवशी आमच्या ओटीवर बायकांची रीघ. कोणी वातीचं निमित्त, कोणी दुर्वांचं. सगळ्यांना नटाची बायको बघायची.

"हीच गो ती? बरी आसा हो! आमका वाटला कोण सिनेमातली हाडल्यान."

"इतक्या वर्सांनी दाखवतंस? आम्ही काय नजर लावतलंव होतंव?"

सून एकेकीच्या पाया पडत होती, चहा देत होती. एका म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून विचारलं, "तुझ्या लग्नाक आमका बोलवूक नाय गो, आता काय करतलंस?" सून हसली. "लग्नाचो लाडू म्हणून ह्यो घाला तोंडात, काकी," म्हणाली. पण आत आली तेव्हा डोळे लाल होते. बदलीचं काय, हे मी विचारलं नाही. बॅगेत बँकेचं पाकीट मी बघितलं होतं. चतुर्थीनंतर सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं.

मुलगा येईल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. गणपती बसला, पूजा उरकत आली, आणि तो आला. पाठीला एक पिशवी, दाढी वाढलेली. गणपतीला नमस्कार केला, मुलीला उचलून घेतलं. माझ्याकडे बघितलं, बोलला नाही. मग मुलीला माझ्याजवळ सोडून सरळ स्वयंपाकघरात गेला. आत सून एकटी मोदकांच्या पाऱ्या करत होती. त्यानं दार ओढून घेतलं.

मी बाहेर पडवीत नारळ खवायला बसले होते. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. आधी त्याचंच, बराच वेळ. मग तिचं, थोडं. मग काहीच नाही. खवणी थांबवली असती तर सगळं कळलं असतं. जावेनं खुणेनं सांगितलंसुद्धा, थांब जरा. मी थांबले नाही. उलट करवंटी रिकामी झाली तरी खरवडत राहिले, लाकडावर पातं घासल्यासारखा आवाज येईपर्यंत. नात म्हणाली, "आजी, त्यात काही नाही." मी म्हटलं, आसा गो, अजून आसा.

दार उघडलं. मुलगा उंबऱ्यात उभा. कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. इतक्या महिन्यांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"आये, अजून एक नारळ व्हयो. ती म्हणता मोदकात भरूचा चून कमी पडतला. रविवारी तिचो मामा येतलो जेवूक, मामी येतली. आणि सोमवारी..."

"सोमवारी काय?" मी विचारलं. 

"सोमवारी काय ता ती सांगतली," तो म्हणाला. "माका सांगूक नाय अजून. पण गावाक बोलव म्हणाली रविवारी. सगळ्यांका."

मी नारळ फोडायला घेतला.